आजीच्या गाठोड्यात ४७ चांदीचे रुपये निघालेत, सराफ वजनावर मागतोय, काय करू?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय इथं. आमची आजी मागच्या श्रावणात गेली, ९१ वर्षांची होती. तिच्या खोलीत ज्वारीची जुनी कोठी आहे, ती हलवताना खाली फरशीवर एक गाठोडं निघालं, इरकल लुगड्याच्या फाटक्या पदरात बांधलेलं, आत ४७ चांदीचे रुपये. आजोबा मिलमध्ये होते आणि आजी वर्षानुवर्षं बिड्या वळायची, त्यातनं एकेक बाजूला टाकला असणार, काही तिला लग्नात आले असतील. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही तीन भावंडं, वाटणीचा विषय निघाला म्हणून मी परवा गाठोडं घेऊन सोलापुरात मधल्या मारुतीकडं एका सराफाकडे गेलो. त्यानं सगळे एकदम तराजूत टाकले, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरले, आणि म्हणाला जुन्या रुपयात भेसळ असते, सरसकट पन्नास टक्के चांदी धरू, आणि आणताना घासून आणा काळे पडलेत. मी परत घेऊन आलो. घरी आल्यावर दाजींनी दोन रुपये चिंच-मीठ लावून घासले, एकदम लख्ख झालेत, आता बाकीचेही घासायचे म्हणतायत.

मला यातलं शून्य कळतं. बहुतेक राणीछाप, राजाछाप आहेत, पाच-सहांवर चारमिनार आहे, एकावर नुसतं उर्दूसारखं काहीतरी आहे आणि तो वेडावाकडा, जाड आहे. फोटो टाकलेत. पन्नास टक्के बरोबर आहे का? की कुठल्या संग्राहकाला विकू? प्लीज सांगा, घरात रोज विषय निघतोय.

अंजली_पंढरपूर

दादा पहिल्यांदा दाजींच्या हातातनं नाणी काढून घ्या! आजच्या आज. चिंच, मीठ, राख, टूथपेस्ट, रिठे, काही म्हणजे काही लावू नका. तो काळा थर म्हणजे घाण नाही, शंभर वर्षं हवेत राहून चांदीवर आपोआप धरलेला रंग आहे, नाणं छेडलं गेलेलं नाही याची तीच खूण असते. घासलं की वरची बारीक कडा, केसांच्या रेघा, दागिन्यांचे मणी गुळगुळीत होतात आणि भिंगातून बघितलं की हजार बारीक ओरखडे दिसतात. ते परत येत नाही. संग्राहक असं नाणं हातात घेऊन दहा सेकंदात खाली ठेवतो.

जे दोन घासलेत ते वेगळे ठेवा, बाकीचे सुटे करा, एकमेकांवर आपटू देऊ नका. आणि हातात धरताना कडेनं धरा, बोटाचा घाम लागला की सहा महिन्यांनी ठसा उमटतो.

जुना_पेठकर

होटगीरोडकर, मी पण सोलापूरचाच, चाळीस वर्षं नाणी जमवतोय. तुमचे फोटो सगळे मोठे करून बघितले. थोडं सविस्तर लिहितो कारण तुमच्यासारखी गाठोडी आपल्या गावात घरोघरी आहेत आणि दर दिवाळीला त्यातली किती तरी आटणीत जातात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आधी चांदीचं. इंग्रजांचा बंदा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १८३५ पासून १९३९ सालापर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. दुसरं महायुद्ध लागलं, चांदी महाग झाली, आणि १९४० पासून १९४५ पर्यंत सहाव्या जॉर्जचे रुपये ५० टक्क्यांचे आले, वजन तेच पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच, चुंबकाला चिकटतो.

म्हणजे सराफानं जे पन्नास टक्के सांगितलं ते फक्त १९४० ते ४५ ला लागू. आता तुमचेच मोजा. फोटोत मला राणी व्हिक्टोरियाचे ११, एडवर्डचे ८, पाचव्या जॉर्जचे १४ दिसतात, हे ३३ झाले. यांत खरी चांदी साधारण ३५२ ग्रॅम, पन्नास टक्क्यांनी धरली तर १९२. मधली १६० ग्रॅम कुठं गेली? भाव रोज हलतो म्हणून हिशोबाला समजा किलोला एक लाख, तर सोळा हजार रुपये नुसते बोलण्या-बोलण्यात गेले, आणि भाव वाढला की तो फरकही वाढतो. झिजेचं थोडं कमी धरा, सराफाची घट, म्हणजे आटवताना जे कमी होतं, तेही धरा, ती त्याला द्यावीच लागते, पण अर्धं नाही.

हा झाला तळाचा भाव. म्हणजे याच्या खाली द्यायचंच नाही. वरचा भाव कोणतं साल, कोणती टांकसाळ आणि नाणं किती झिजलंय यावर. इथं लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो की जितकं जुनं तितकं महाग. तसं नाही. १८४० चा रुपया पाहिजे तितका मिळतो आणि १९३९ चा मिळता मिळत नाही. राजा सहावा जॉर्ज, मुंबई टांकसाळ, साल १९३९, हा सगळ्या आधुनिक रुपयांत लोक ज्याच्यामागं धावतात तो. म्हणून त्याचीच नक्कल सगळ्यात जास्त, सालाचा आकडा कोरून बदललेले मी स्वतः बघितलेत, आणि मूळ नाणं चांदीचंच असल्यानं वजनात सापडत नाही. तुमच्यात तो नाही, मी तीनदा बघितलं.

एडवर्डचे १९०३ ते १९१०, हे सगळे साधारण मिळतात. व्हिक्टोरियाच्या ११ पैकी पाचांवर १८६२ आहे. हे साल बघून फसू नका, टांकसाळीनं १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ हेच साल ठेवलं आणि खऱ्या वर्षाची खूण म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले. भिंग घ्या, तारखेच्या खाली आणि वरच्या फुलाजवळ ठिपके मोजा आणि मला लिहून पाठवा. ठिपक्यांच्या जोड्यांवर लोक आयुष्य घालवतात, काही जोड्या विरळा आहेत.

पाचव्या जॉर्जच्या नाण्यांत एक फार बारकाईनं बघा. राजाच्या झग्यावर छातीपाशी साखळीत एक हत्ती असतो. १९११ च्या रुपयात त्या हत्तीची सोंड आखूड आणि पाय जाड निघाले, आणि लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजातून ओरड झाली, सरकारनं नाणं थांबवलं, बरीच आटवली, आणि १९१२ पासून सोंड नीट दाखवलेला हत्ती आणला. बाजारात त्याला डुक्कर छापच म्हणतात. चांगला असेल तर चांदीच्या भावाच्या पुष्कळ वर जातो. तुमच्या चौदांत एकाचं साल फोटोत नीट येत नाही, वर काळ्या दोऱ्याची कडी आहे तो. ते साल बघा.

आणि वेडावाकडा जाड आहे तो कुणाला देऊ नका, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात, तिरप्या उन्हात काढा.

तुळजापूरकर

पेठकर काकांनी इंग्रजी रुपयाचं सांगितलं, मी चारमिनारचं सांगतो, आमच्या भागात हेच जास्त निघतात. हा निजामाचा हाली सिक्का. सोलापूर इंग्रजांकडं आणि नळदुर्ग-तुळजापूर निजामाकडं, मधे हद्द, त्यामुळं तुमच्याकडच्या बाजारात दोन्ही रुपये चालायचे. इंग्रजी रुपयाला आमचे म्हातारे कलदार म्हणायचे, आणि हिशोब असा की सात हाली म्हणजे सहा कलदार. वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८१.८ टक्के. म्हणजे तुमच्या सराफानं यालाही पन्नास धरलं तर तेही चूक.

चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा एक अक्षर आहे. मीम असेल तर मीर महबूब अली खान, ऐन असेल तर शेवटचा निजाम उस्मान अली खान. उर्दू येत नसेल तरी ओळखता येतं, मीमला गोल डोकं आणि शेपूट, ऐन म्हणजे मराठीतल्या उलट्या तीनसारखं. साल हिजरी आहे, १३३० म्हणजे साधारण १९१२. हे नाणं फार महाग नाही पण चांगल्या अवस्थेतलं असेल तर चांदीच्या वर जातंच आणि मराठवाड्यातले लोक हौसेनं घेतात. माझ्या आईच्या कंबरपट्ट्याला आठ होते, म्हणून मला यांच्याबद्दल जरा जास्त जिव्हाळा.

भाग्यवान_७८६

एवढं कशाला डोकं लावता, व्हॉट्सॅपवर एक नंबर फिरतोय, जुनी नाणी लाखात घेतात, रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट आहे त्यांच्याकडं. माझ्या मित्राच्या एका नाण्याला ९ लाख सांगितलेत फक्त रजिस्ट्रेशन भरायचंय.

अंजली_पंढरपूर

भाऊ तुमच्या मित्राला आत्ता फोन करा आणि पैसे भरू नका म्हणा, मनापासून सांगतेय. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही, कुणाकडून कसलं शुल्क कमिशन घेत नाही आणि आपल्या नावानं पैसे घ्यायचा अधिकार कुठल्याही माणसाला, कंपनीला दिलेला नाही. माझे सासरे यातच फसले. आधी रजिस्ट्रेशन १,५५०, मग जीएसटी, मग इन्शुरन्स, मग गाडी निघाली पण टोलवर अडलीय, असं करत ३८ हजार गेले आणि नाणं होतं वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं, जे रोजच्या गल्ल्यात मिळतं. ते नंतर चार महिने कुणाशी बोलले नाहीत. खरा संग्राहक तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही, तो तुम्हाला पैसे देतो, साधी गोष्ट आहे.

तसंच ईस्ट इंडिया कंपनी १८१८ किंवा १६१६ लिहिलेली, मागे राम-सीता-हनुमान असलेली तांब्याची चकती कुणी दाखवली की लांब राहा. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलं नाही, ती नंतर केलेली टोकनं आहेत.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. तीन दिवस रात्री जेवण झालं की बहीण आणि मी बसतोय, तिनं वही केलीय, प्रत्येक नाण्याला नंबर. दाजी पण आता भिंग घेऊन बसतात, चिंच बंद.

ऑनलाइन छोटा तराजू मागवला, शंभरावा भाग दाखवणारा. व्हिक्टोरियाचे ११.५ ते ११.६ भरतायत, जॉर्जचेही तसेच. पण एडवर्डचा एक १९०४ चा ९.८ च भरला. फरशीवर टाकला तर बाकीचे खणखणीत वाजतात आणि हा बद्द वाजतो. कडेला एक बारीक रेघ पण आहे गोल फिरलेली. हा काय प्रकार?

दुसरं, काका, दोऱ्यातल्या कडीच्या रुपयाचं साल बघितलं. १९११ आहे. हत्तीची सोंड खरंच आखूड आहे. पण वर कडी डाग देऊन जोडलीय.

जुना_पेठकर

एडवर्डचा खोटा आहे. तुमच्या आजीच्या काळीच कुणीतरी तिला दिलेला असणार, तेव्हा दुकानात रुपया दगडावर वाजवून घ्यायची पद्धत उगाच नव्हती. कडेची रेघ म्हणजे दोन साचे जोडून ओतल्याची खूण, खरं नाणं ठशानं पडतं, त्याला कडेला दाते असतात आणि रेघ नसते. खात्री करायची तर पाण्यातली परीक्षा करा. त्याच तराजूवर पाण्याचा ग्लास ठेवा, आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. खऱ्या बंद्या रुपयाला १.१३ च्या आसपास आकडा येईल. पन्नास टक्केवाल्याला १.२२. पितळ, जर्मन सिल्व्हरचं असेल तर वजनाच्या मानानं आकडा जास्त येतो. वजनाला या आकड्यानं भागा, दहाच्या वर आलं तर चांगली चांदी, साडेनऊ म्हणजे अर्धी, आठ-साडेआठ म्हणजे चांदी नाही. सराफाकडं मशीन असतं तेही बघून देतात, पण हे घरी होतं आणि नाण्याला ओरखडा येत नाही. कानस लावून, कसोटीवर घासून बघू देऊ नका.

१९११ चं वाचून मी खुर्चीतनं उठलो आणि पुढचं वाक्य वाचून परत बसलो. डाग दिलेल्या नाण्याला संग्राहक फार कमी देतात, कडी काढली तरी जागा दिसते, काढायला जाल तर अजून बिघडेल. तसंच राहू द्या. चांदीच्या वर थोडं काही मिळेल, पण तेवढ्यासाठी विकावं असं मला नाही वाटत.

आता वेडावाकडा. तुम्ही काल पाठवलेले उन्हातले फोटो मी माझ्या एका फारसी जाणणाऱ्या मित्राबरोबर बघितले. औरंगजेबाचा रुपया आहे. एका बाजूला त्याचा नेहमीचा शेर, नाणं चमकत्या पूर्ण चंद्रासारखं जगात पाडलं असा अर्थ, त्यातलं बद्र-ए-मुनीर आणि आलमगीर स्पष्ट वाचता येतं. दुसऱ्या बाजूला जुलूस, मैमनत, मानूस हे राज्यकाळाचे नेहमीचे शब्द, आणि जर्ब, म्हणजे पाडलं, या शब्दाच्या जोडीला टांकसाळीचं नाव. ते शोलापूर आहे.

म्हणजे आपल्या गावात पडलेला रुपया तुमच्या आजीच्या कोठीखाली होता. बादशहा भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या माचणूरला, १६९५ ते १६९९ तळ देऊन बसला होता, तिथून आपला किल्ला किती लांब. एवढ्या फौजेचा पगार रोख लागायचा. ठसा मोठा आणि चकती लहान म्हणून नाव नेहमी अर्धं बाहेर जातं, तुमच्यात शेवटचा भाग कडेला गेलाय तरी वाचता येतो. सोलापूर टांकसाळीचे रुपये अगदीच मिळत नाहीत असं नाही, पण सोलापूरच्या संग्राहकाला दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. वजन साडेअकराच्या आसपास असेल. कडेला कुठं टोचलेलं, छिद्र बुजवलेलं नाही ना एवढं बघा.

पुणे_नाणेप्रेमी

विकायचंच असेल तर माझा अनुभव लिहितो. सराफाला फक्त झिजलेले आणि १९४० ते ४५ चे दाखवा, तेही दोन-तीन दुकानांत विचारून, आणि सुटे मोजून, एकत्र तराजूत नाही. मधले, साधारण चांगले असतील ते नाणे विक्रेत्याला, तो चांदीपेक्षा जास्त देईल पण त्यालाही पुढं विकायचंय हे धरा, म्हणजे बाजारात ज्याला हजार पडतात ते तो सातशेला घेईल आणि ते गैर नाही. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं एका हॉलमध्ये पन्नास टेबलं असतात, तीन ठिकाणी भाव विचारता येतो. आणि खरंच विरळा काही असेल तर लिलाव, मुंबईत टोडीवाला आहेत, बंगळुरूत मरुधर आर्ट्स आहेत, त्यांचं कमिशन किती आणि पैसे किती दिवसांनी, हे आधी लेखी विचारा.

भाव बघताना एक करा, ऑनलाइन कुणी किती मागतोय ते बघूच नका. एकच रुपया कुणी १,५०० ला लावतो कुणी ५ लाखाला, मागायला काय जातं. लिलावात कितीला गेला ते बघा, लिलाववाले झालेल्या लिलावाचे भाव साइटवर टाकतात, आणि आपल्या नाण्याच्या अवस्थेचा फोटो शेजारी ठेवून बघा. तिथं लोक स्वतःला फसवतात. राजाच्या भुवईचे केस, मुकुटातले मणी, कानाची पाळी दिसत नसेल तर ते नाणं अतिउत्तम नाही, कितीही चकाकत असलं तरी.

कायद्याचंही लक्षात घ्या. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशातल्या कुणी जास्त पैसे दाखवले तरी पोस्टानं पाठवू नका. आणि जमिनीत पुरलेलं सापडलं असतं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. तुमचं घरातलं, आजीचं आहे, फरशीवर गाठोड्यात होतं, तो प्रश्न नाही, पण वही केलीय ती चांगली, फोटो आणि वजनासकट जपून ठेवा.

ठेवायला पीव्हीसीची मऊ प्लॅस्टिकची पाकिटं नकोत, दोन वर्षांत हिरवा चिकट थर येतो. कागदी चौकटी मिळतात मधे पारदर्शक खिडकी असलेल्या, त्या घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. लोकर, रबरबँड जवळ नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते.

होटगीरोडकर

मंडळी, काल रविवारी तिघं भावंडं बसलो. असं ठरलंय. १९४० ते ४५ चे सात आणि दाजींनी घासलेले दोन विकायचे, तीन दुकानांत विचारलं, आता १९४० ते ४५ वाल्यांना पन्नास आणि त्या दोनांना नव्वद धरूनच बोलायलेत, कारण बहीण वही उघडून समोर ठेवते. त्या पैशातनं आजीचं वर्षश्राद्ध. चारमिनारचे आईनं मागितले. बाकीचे राणी-राजे तिघांत वाटले, आणि १८६२ चे ठिपके मोजायचं काम भाच्यानं घेतलंय, तो आठवीत आहे, काका तुम्हाला लिहून पाठवेल, त्याला जरा समजावून सांगा.

सोलापूरचा रुपया कुणी एकानं ठेवायचा नाही, तिघांचा. पेठकर काका, तुम्हाला तो हातात घेऊन बघायचा असेल तर पुढच्या रविवारी घरी या, चहाला.

१९११ चा माझ्याकडं आला. आत्या सांगत होती की तो आजीच्या आईनं तिच्या गळ्यात बांधला होता, लहानपणी आजारी होती तेव्हा. दोरा अजून तोच आहे, काळा, गाठ कडक झालीय. तो काढून ठेवायचा का? दोऱ्यानं चांदीला काही होतं का?

जुना_पेठकर

लोकरीचा नाही ना? सुती असेल तर राहू द्या. रविवारी येतो, भिंग घेऊन.